पहिली फेरी

मंचर, भाद्रपद शुद्ध चतुर्थी

चिरंजीव संयम यास शुभाशीर्वाद.

"बापूजी, मी परतलो नाही, म्हणून पाळण्यांची बाग विकलीत ना?" असे तू टोरांटोहून विचारलेस. नाही, बाळा.

तुझ्या आजोबांचा नियम तुला ठाऊक आहे. रोज आकाशपाळण्याची पहिली फेरी आपल्या घरच्याने घ्यायची. परक्याचे लेकरू त्यानंतरच बसवायचे. तू गेल्यापासून ती मीच घेत आलो. चैत्रात मात्र गुडघ्यांनी पायरी चढण्यास नकार दिला. पाळणा चालवणारा बहिरू म्हणाला, "शेटजी, तुमी ऱ्हाऊ द्या, मी बसतो. घरात मान न्हाई, तर हितं तरी उंच बसंन!" मी हसून मान डोलावली.

सायंकाळी दिवसाचे दोष आठवण्यासाठी प्रतिक्रमणास बसलो, तेव्हा उमगले, की स्वतःच्या जागी मी दुसऱ्याचा जीव बसवला होता. बाग विकत मागणाऱ्या अवसरीच्या दादाभाऊंनी पहिली फेरी रोज स्वतः घेण्याचा शब्द दिला, तेव्हाच बाग त्यांच्या हाती सोपवली.

हे वाचलेस, तर माझ्या गुडघ्यांसाठी तू तिकडचे सारे टाकून येशील. म्हणून पत्र पेटीतच ठेवतो. फोनवर एवढेच सांगेन, की भाव चांगला आला, म्हणून विकली. त्या असत्याचे प्रतिक्रमणही मीच करीन.

तुझ्या सुखात सुखी,
नथमल