काचेमागचं पांढरं

४ जुलै १९९६
आज शहरातल्या इस्पितळात कामावर रुजू झाले! घरात पदवी घेतलेली मीच पहिली, म्हणून आईने निघताना शेजारीपाजारी शुभप्रसंगाचा लाल भात वाटला. खोली मिळाली आहे तोकुएसान नावाच्या विधवा बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. खोलीचं सरकतं दार दुधी काचेचं आहे. पलीकडे कुणी आलं की नुसती करडी आकृती दिसते. तोकुएसान म्हणाल्या, आमचे हे आत येण्याआधी काचेमागे उभे राहून खोकायचे. सभ्य माणूस, फक्त जन्मभर सगळीकडे उशिरा पोचला.

९ जुलै
विभागप्रमुख मुरोई डॉक्टरांनी काम समजावलं. फुप्फुसाचा कर्करोग कापून काढलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेआधीच्या सीटी स्कॅनच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायच्या. डाग दुधी काचेसारखा धूसर किती, त्यात घट्ट पांढरा गाभा किती, ते मोजायचं आणि पुढे त्या माणसाचं काय झालं याच्याशी ताडून पाहायचं. नुसता धूसर डाग असलेले जवळजवळ सगळे आजही ठणठणीत आहेत. गाभा जितका मोठा, तितकी आजार परतण्याची भीती जास्त. हे काम मला पूजेसारखं वाटतं. बाबांचा डाग वसंतात काढला. तो नुसता धुक्यासारखा होता, आता परत येणार नाही, असं आईने आम्हा सगळ्यांना सांगितलं. बाबा पुन्हा माकूळ पकडायच्या बोटीवर जाऊ लागलेत. तपासणीला जात नाहीत. धुक्याला कसली तपासणी, म्हणतात.

१८ जुलै
आमच्या गावच्या इस्पितळातल्या फिल्म आल्या. नावं झाकलेली. पण एका छातीत डाव्या बरगड्या वाकड्या जुळलेल्या. बोटीवरच्या दोर ओढायच्या चक्राने बाबांना हाणलं होतं, तेव्हापासून त्यांचा डावा खांदा उतरता आहे. मी डाग पाहिला. पुन्हा पाहिला. कडेला जेमतेम धूसर. बाकी सगळं पांढरं.

१९ जुलै
आईला फोन केला. फिल्ममध्ये काय दिसलं ते सांगितलं. मग म्हणाली, "डॉक्टर आधी मलाच भेटले होते. धुकं मी रचलं. तो बोटीवर परत गाणी म्हणायला लागलाय, चिगुसा. तेवढं हिसकावू नकोस त्याच्याकडून."
आमच्याकडे असंच करतात. घरच्यांना सांगतात, ज्याला आजार त्याला नाही. मी गप्प राहण्याचं वचन दिलं.
दुपारी काचेमागे कुणी उभं होतं. तोकुएसान असतील म्हणून दार सरकवलं. कुणी नव्हतं. त्या बाजारातून नंतर आल्या.

२६ जुलै
पुन्हा तीच आकृती. धूसर. छातीच्या जागी एक पांढरा ठिपका, भाताच्या शिताएवढा. डावा खांदा उतरता आहे.

३ ऑगस्ट
बाबांचा फोन. ओबोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, मला भेटायला येणार आहेत. हसत म्हणाले, "एवढी शिकलीस, आता तूच सांग. धुकंच होतं ना?"
मी हो म्हटलं.
मी खोलीत आले. ते आधीच काचेमागे होतं. ठिपका आलुबुखाराएवढा झाला आहे.

११ ऑगस्ट
मुरोई डॉक्टर म्हणाले, परतलेला आजार लवकर सापडला तर निदान काही करता येतं. म्हणजे बाबांना सांगायलाच हवं.
पितरांनी बसून यावं म्हणून तोकुएसाननी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडे केले. नवऱ्यासाठी दोन. एका घोड्याने तो वेळेवर यायचा नाही, म्हणाल्या.
तिसरा माझ्या दाराशी ठेवलेला होता. आपण ठेवला नाही, असं त्या म्हणतात. कुणासाठी, ते मी विचारलं नाही—

१३ ऑगस्ट
बाबा आले. वाळवलेलं माकूळ आणलंय. गळ्याची हाडं दिसतात. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच दम लागला. खाली बसलेत, तोकुएसानना हसवतायत. त्यांचा आवाज इथवर येतोय.
जेवणाआधी सांगणार. आईला दिलेलं वचन मोडून. अजून उशीर झाला तर—

काचेमागे उभं आहे. उतरता खांदा. धूसर काही उरलंच नाही. सगळं पांढरं.

खाली बाबा हसतायत. अजून हसतायत—

खोकला. खालून नाही. काचेला लागून.

दार सरकतंय. बाबा, ऐका, ते धुकं नव्ह—