‘सगळे’ गाळून

प्रिय घंटी,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. आता गाव तुला मोठ्या बाई म्हणतं, शाळेच्या फाटकावर पितळी पाटीवर तुझं नाव आहे, पण माझ्या तोंडून ‘मोठ्या बाई’ काही निघायचं नाही. तुझा आवाज खणखणीत म्हणून घंटी हे नाव मीच ठेवलं होतं, आणि माझी जीभ टोचते म्हणून तू मला टाचणी म्हणायचीस. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून आपण दहावीपर्यंत आलो. पुढे तू मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर पोहोचलीस आणि मी शिलाई मशीनवर. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या शाळेच्या निम्म्या पोरांचे गणवेश माझ्याच दुकानात शिवले जातात आणि माझं छान चाललंय.

मुद्द्यावर येते. माझ्या बहिणीच्या मुलीला तू झेंडावंदनाच्या दिवशी घरी पाठवलंस आणि येत्या सोमवारी तिला कायमचं काढणार आहेस. तिचा गुन्हा काय, तर शपथ म्हणताना अख्खी शाळा ‘या झेंड्याखाली आम्ही’ इथपर्यंत जोरात म्हणाली, ‘सगळे’ या शब्दाला कुणी तोंडच उघडलं नाही, आणि मग ‘एक आहोत’ म्हणून पुन्हा सुरू झाली. पोरं का गप्प राहिली ते तुला पक्कं ठाऊक आहे. ज्यांचे गणवेशाचे नवे कोट शिवून झाले नव्हते त्यांना तू पाण्याच्या टाकीमागे उभं केलं होतंस, पाहुण्यांबरोबरच्या फोटोत येऊ नयेत म्हणून. माझी बहीण तुझ्यापुढे हात जोडून रडली, तर तू तिला सुनावलंस की हे रक्तातच आहे, पोरगी मावशीवर गेलीये. वा गं वा! म्हणजे माझी आठवण आहे तर तुला.

मलाही तुझी आहे. चांगली आहे. त्या वेळीही तेच मैदान, तीच टाकी. जुन्या मोठ्या सरांनी अनवाणी आलेल्या पोरांना टाकीमागे पिटाळलं होतं. धोबिणीच्या दोघी मुली त्यात होत्या, आणि थोरली आपल्या शेजारच्या बाकावर बसायची. ‘सगळे’ गाळायची कल्पना माझी, पण उड्या तू जास्त मारल्यास. माईकवर तू असायचीस, म्हणून तू गप्प राहिलीस की काम फत्ते, असं तूच म्हणालीस. वर्गावर्गात जाऊन आपण दोघींनी पोरांना तयार केलं. आणि ऐन वेळी काय झालं? सारं मैदान चिडीचूप, आणि भोंग्यातून तुझा एकटीचा आवाज, ‘सगळे!’ पाहुण्यांनी तुझी पाठ थोपटली. पदक मिळालं तुला. नंतर मोठ्या सरांनी खोलीत बोलावून हे कुणाचं डोकं असं विचारलं, तेव्हा तू माझं नावसुद्धा घेतलं नाहीस. नुसतं बोट दाखवलंस. केसानं गळा कापलास, घंटी.

मला शाळेतून काढलं. दुसऱ्या शाळेनं घेतलं नाही. आईनं मला आत्याच्या शिलाईच्या दुकानात काज करायला बसवलं. मला डॉक्टर व्हायचं होतं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलंही नव्हतं. काज करता करता मी रोज मनातल्या मनात तुझं थोबाड फोडायचे. लोक म्हणतात काळ गेला की राग विरतो. माझा काही विरला नाही बाई. मी तो जपलाय, वर्षानुवर्षं, ऊन दाखवून पुन्हा घडी घालून ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यासारखा.

आता माझ्या भाचीचं ऐक. तिला तू दोन तास खोलीत उभं केलंस आणि म्होरक्या कोण ते विचारलंस. ती गप्प. घरी येऊन आईलाही नाव सांगितलं नाही, मलाही नाही. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, पण कार्टी बधली नाही. मग तू तिलाच म्होरक्या ठरवून मोकळी झालीस. कुणाचं नाव न घेता शिक्षा सोसणारी मुलगी तुला गुन्हेगार वाटली, यात मला काही नवल वाटलं नाही.

पण एका गोष्टीचं वाटलं. त्या दिवशी माईकवर कोण होतं गं? तुझीच लेक ना? मग भोंग्यातून ‘सगळे’ का नाही आलं? तू सर्वांसमोर माईकवाल्याला झापलंस, की वायर सैल होती, ऐन वेळी आवाज गेला. तो बिचारा काल कॉलर बदलायला आला होता, तेव्हा आईशप्पथ घेऊन सांगत होता की माईक ठणठणीत होता. एका शब्दापुरता बंद पडणारा माईक मीही अजून पाहिलेला नाही. तुझी कमाल आहे. समोर उभी असलेली पोटची पोर तुला दिसली नाही, वायर दिसली.

काल संध्याकाळी तुझी लेक माझ्या दुकानात आली. माझ्या भाचीला काढणार हे कळल्यापासून जेवली नव्हती. हे सगळं तिनंच ठरवलं होतं, आणि माझ्या भाचीनं शपथ घालून तिला गप्प बसवलं होतं. ती तुला कबुली द्यायला निघाली होती, फक्त मी सोबत यावं म्हणून आली. मी विचारलं, आईची भीती वाटत नाही का? तर हसली. म्हणाली, मावशी, आई मुळीच रागावणार नाही, तिनंच तर मला हे सांगितलंय. लहानपणी झोपवताना तू तिला ती गोष्ट सांगायचीस म्हणे. सारी शाळा घाबरली, आणि माईकवर उभी असलेली आई एकटी ‘सगळे’ म्हणाली नाही. पदकावर पाणी सोडलं आईनं! तुझ्यासारखं व्हायचं म्हणून पोरीनं हे केलं. माझी शाळा घेतलीस ती घेतलीस, वर माझी गोष्टही चोरलीस?

तिला खरं काय ते मी तिथं सांगू शकले असते. जिभेवर आलं होतं. पण इतकी वर्षं वाट पाहिली ती असं घाईघाईनं उरकायला नव्हे. मी तिला एवढंच म्हटलं, आधी मी तुझ्या आईला चार ओळी लिहिते, मग तू बोल. सोमवारी माझी भाची शाळेत तिच्या जागेवर बसलेली मला हवी, आणि टाकीमागची पोरं पुढच्या रांगेत. म्होरक्याला शिक्षा देणारच असशील तर तुझ्याच लेकीला दे, नाहीतर कुणालाच नको. माफी मागायला मात्र येऊ नकोस, मी माफ करणार नाही. आणि ती गोष्ट लेकीला खरी कशी सांगायची याची चिंता करू नकोस. हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय. पाकीट चिकटवलेलं नाही, आणि वाटेत वाचलंस तरी चालेल असं मी तिला सांगितलंय. आता हे खाली ठेव आणि समोर उभ्या असलेल्या तिच्या डोळ्यांकडे बघ.

तुझीच, एका बाकावरची,
टाचणी