मला सोडे म्हणायचं नाही

३ मे, रविवार
चुलतभाऊ विश्वेशच्या होमस्टेवर पोकर. पैसे नाहीत, काजूबियांवर. शेवटी तिघे उरलो: तो, मी आणि माझी बायको गौरजा. त्याने सगळ्या बिया पुढे ढकलल्या. माझ्याकडे राण्यांची जोडी. तरी मी पानं सोडली. मग त्याने स्वतःची मुद्दाम दाखवली. दुर्री-सत्ती! म्हणाला, "सोडलंस? सोडेच तू."
सख्ख्या चुलतभावाला सुकी कोळंबी म्हणतो.

४ मे
मासळीबाजारात हौसाबाईने विचारलं, सोडेभाऊ, आज काय देऊ? बांगडे न घेताच परतलो. मी कॉलेजात गणित शिकवतो. विश्वेशला सोडणार नाही. (हा शब्द यापुढे वापरायचा नाही.)

६ मे
सुट्टीचा सदुपयोग. सिद्धांत तयार. तिघेच उरले आणि बिया कमी पडल्या की मधला मार्ग नसतो. एक तर ऑल-इन, म्हणजे सगळ्या बिया पुढे, नाही तर पानं खाली. चार्ट फ्रीजवर चिकटवला. गौरजाला समजावला. ती कोळंबी सोलत हूं हूं म्हणाली. तिच्या डोक्यावरून गेलं.

९ मे
आरशासमोर निर्विकार चेहऱ्याचा सराव. गौरजाने विचारलं, पोटात दुखतंय का. उद्या त्याला फसवून, पानं तोंडावर उघडून दाखवणार. सगळ्यांसमोर. मालवणभर त्याची छी-थू.

१० मे, रविवार, दुपारी
पुन्हा तिघेच. गौरजाने पानं टाकली. माझ्याकडे तिर्री-नव्वी. ऑल-इन! विश्वेश माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, चपलेत पाय घातले आणि म्हणाला, "बरां, येतंय मी."
पळाला! मी आनंदाने पानं उघडली. बघ, तिर्री-नव्वीने पळवला तुला, असं ओरडलोसुद्धा.
तो चप्पल काढून परत बसला. म्हणे, मी तर खेळात येतो म्हणालो होतो. मी हरकत घेतली. मालवणात माणूस जाताना येतो असंच म्हणतो. पंच म्हणून त्याचीच आई. माई म्हणाली, "तो येतंय म्हणालो. जातंय खंय म्हणालो?"
त्याच्याकडे गुलाम-पंजी. गुलाम जिंकला. मी बाद. धडधडीत अन्याय. सिद्धांत बरोबरच होता.

१० मे, संध्याकाळी
नंतरचं लिहायचं नव्हतं. गौरजाने ऑल-इन केलं. विश्वेश पुन्हा उठायला लागला. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, तुमी येतास की जातास, तां आधी सांगा." तो ओशाळून बसला आणि खेळात आला. हिच्याकडे एक्क्यांची जोडी. सगळ्या बिया ओच्यात घेऊन घरी आली. मला पिशवी धरायला सांगितली.

१३ मे
बाजारात गेलो. कोणीही सोडे म्हणालं नाही. एकदाही नाही! म्हणजे सूड पूर्ण. सिद्धांताचा विजय.
हौसाबाईने मोठा पापलेट काढून ठेवला होता. शेजारच्या कोळणीला म्हणाली, "ह्यो दी त्येंका. गौरजाचो घोव तो."