मनगटाची गाठ

बाबा,

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी आठला सौंदडजवळच्या तलावावर वर्ग घेतला. मत्स्य विभागाच्या ऑफिसतर्फे मच्छीमार सोसायटीच्या आठ जणांना फेकजाळं टाकायला शिकवतो आहे. चार दिवस शाळेच्या मैदानात चुन्याचा गोल आखून सराव झाला, आज पहिल्यांदा पाण्यात उतरलो. अकराला वर्ग बंद केला. कुणाला काही झालं नाही.

शिकवणं सगळं तुमचंच आहे. दोरी डाव्या मनगटाला बांधायची, जाळ्याचा एक भाग कोपरावर घ्यायचा, शिशाच्या मण्यांची कड दातांत धरायची, कंबर फिरवायची आणि तोंड वेळेवर उघडायचं. मी बोलतो तेव्हा म्हातारे लोक बांधावरून म्हणतात, "बापाचाच हात हाय." मी मान हलवतो. दुसरा हात मला आलाच नाही.

मी सातवीत असताना माझं जाळं बुडालेल्या खुंटाला अडकलं. मी मनगटातून दोरी काढली आणि वर आलो. बांधावर माणसं उभी होती. तुम्ही म्हणालात, "जाळं टाकून जीव घेऊन आला. तुया जिवाले बाजारात कोन घेते?" आईनं ते चार महिने विणलं होतं. तुम्ही मला परत पाण्यात पाठवलं. जाळं घेऊन आलो तेव्हा तुम्ही गाठ आणखी घट्ट कशी बांधायची ते दाखवलंत. तेव्हापासून मी तीच गाठ बांधतो.

आज एका बाईंचं जाळं तसंच अडकलं. पाय घसरून त्या गळ्यापर्यंत गेल्या, दोरी ताणलेली, हात पाण्याखाली. मी उडी मारली. गाठ भिजून फुगली होती, बोटांनी सुटेना, दातांनी सुटेना. शेवटी एकानं धान कापायचा विळा आणून दोरी कापली. काठावर बसून त्या खोकत होत्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, गाठ बांधाले शिकवलं, सोडाले काऊन नाई शिकवलं?"

मी म्हणालो, "उद्यापासून दोरी मनगटाला बांधायची नाही. ऑफिसातून नियम आला आहे."

"कवा आला?"

"आजच."

"पान्यात आला का जी?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या बाईही हसल्या. मीही हसलो.

नियम कुठूनच आला नाही. गाठ चुकीची आहे एवढं सांगायला तोंड उघडत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही बुडालात, तुम्हाला वर काढलं तेव्हा तुमच्या मनगटावरची गाठ तशीच घट्ट होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हातारा जाळं सोडत नव्हता, असं कौतुकानं सांगतात. गाठ चूक म्हटली तर ते कौतुक जातं. बरोबर म्हटली तर उद्या पुन्हा आठ जणांच्या मनगटाला तीच बांधावी लागते. इतकी वर्षं मी दुसरं केलं, म्हणजे बांधत राहिलो.

कारण त्या शेवटच्या सकाळी तुमची बोटं वळत नव्हती. तुम्ही हात पुढे केलात. मी दोन वेढे घेतले, तेव्हा म्हणालात, "आवळ ना! नवरदेवाले काकण बांधून रायला का?" मी आवळली. आईला अजून वाटतं, तुम्हीच दातांनी बांधली. मी तिला सांगितलेलं नाही. आज त्या बाईंनाही सांगितलं नाही, आणि उद्याही ऑफिसचंच नाव सांगणार आहे.

आता खोलीवर एकटाच आहे. जमिनीवर जाळी पसरली आहेत. प्रत्येक दोरीच्या टोकाचा फास कापून तिथे वीतभर बांबूची काडी बांधतो आहे. ती मुठीत धरायची, मूठ उघडली की सुटते. पाच झाल्या. कागद घडी करून वहीत ठेवतो आणि सहावी घेतो.