कानबाईचं चांदीचं तोंड

९ मार्च १९८७

‘कृतज्ञ गावकऱ्यांकडून भेट.’

सकाळपासून हे शब्द डोक्यात घण घालताहेत. विलायतेतल्या त्या म्युझियमचं उत्तर आलं — छान जाड कागद, मजकूर चार ओळींचा. म्हणे, तो चांदीचा मुखवटा सातपिंपरीच्या कृतज्ञ गावकऱ्यांनी हॅलोवेल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला १८९८ साली भेट दिला, तसं त्याच्या मुलीने सांगितलं आहे, सबब परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कसली भेट? कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दारात उभा राहून ‘वा, सुंदर आहे’ म्हणाला, तर घरातल्यांनी काय करायचं? माप घेऊन दुसरा करून द्यायचा?

कुंदा त्या दिवशी आत शिरली नसती तर आम्हाला कधी कळलंच नसतं. माझी विद्यार्थिनी, तिकडे डॉक्टर आहे. पाऊस लागला म्हणून त्या गावच्या लहानशा म्युझियममध्ये थांबली, आणि काचेमागे आमच्या गावाचं नाव. तिने लगेच फोटो पाठवला. आमची कानबाई: मोठे डोळे, रुंद कपाळ. उजव्या कानाची पाळी फाटलेली. नेलीत ती नेलीत, निदान धड ठेवायची होती.

१० मार्च

उत्तर टाकलं. सिस्टर ॲग्नेसची कृपा. नाशिकच्या कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवणच ती — राग जितका मोठा, तितकं वाक्य सभ्य. आजचं पत्र फार सभ्य झालं आहे.

कानबाई म्हणजे काय, हेही समजावून दिलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी विसर्जन. तिच्या नावाचे गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे; बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. मी लग्न केलं नाही म्हणून अजून माझा वाटा निघतो. (हे त्यांना लिहिलं नाही. त्यांना काय करायचंय.)

शेवटी लिहिलं: वस्तू कुणाकडे आहे याने ती कुणाची हे ठरत नाही. जिथून उचलली तिथे ती परत जावी.

५ एप्रिल

सातपिंपरीला जाऊन आले. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे लीलाधरची जीप. लीलाधर माझा पुतण्या. पंचायत समितीवर निवडून आल्यापासून खिशाला दोन पेनं लावतो.

शालिग्राम आबा ओट्यावर बसले होते. भाऊबंदकीत आता तेच थोरले. फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, “हाईच शे. गोरा साहेब लई गया व्हता. आपला बाप सांगे.”

“कशी नेली? जबरदस्तीने?”

“तू लिख वं माय. तुले इंग्रजी येस. झापी दे त्यासले.”

इतर सगळ्यांकडे कानबाईच्या नारळाला डोळे लावून पूजा चालते. आमच्याकडे चांदीचं तोंड होतं, हे लहानपणापासून ऐकत आले. तेव्हा वाटायचं, आम्हा पाटलांच्या बढाया. आता फोटो आहे.

२१ मे

देतात म्हणे! समितीची बैठक झाली. मुखवटा ‘संग्रहाच्या कक्षेत बसत नाही’, शिवाय ‘कलादृष्ट्या फारसा महत्त्वाचा नाही’. कुंदा जुलैत येते आहे, तिच्या हाती सोपवतील.

म्हणजे चोरी कबूल नाही. फक्त माल पसंत नाही.

तरीही पत्र हातात धरून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. इथे देवपुरातल्या शेजारणींनी विचारलं, मुलाचं लग्न ठरलं का कुणाच्या?

१२ जुलै

आली. कुंदाने मऊ टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. आबांच्या घरी पाटावर ठेवली तेव्हा बायका रडल्या. मी नाही रडले, मी निरखून पाहिलं.

नाकाला भोक नाही. कानबाईला नथ नको? लीलाधर म्हणाला, “आत्या, बुजवलं असेल साहेबाने.” पटलं. काय नाही केलं त्यांनी? कान तोडला, नाक बुजवलं. चोपड्याच्या सोनाराला बोलावून दोन्ही दुरुस्त करायचं ठरलं. मीच म्हटलं, सणाच्या आत करा.

१९ जुलै

सोनाराने काम झकास केलं. कानाची पाळी अखंड दिसते. नाकात नथ घालून पाहिली — अगदी पाटलीणबाई!

२ ऑगस्ट, रविवार

आज कानबाई बसली. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या. लीलाधरने मांडवाबाहेर फलक लावला, ‘इंग्रजांच्या तावडीतून मुक्त’, खाली स्वतःचं नाव. माझं नाही. असो. इंग्रजांनी निदान पत्राला उत्तर धाडलं होतं.

रोट फार चांगले झाले होते.

३ ऑगस्ट, सोमवार

मिरवणूक नदीकडे निघाली (मुखवटा न्हाऊ घालून परतच आणायचा होता) आणि वाटेत एक म्हातारी आडवी आली. वरच्या भिल्ल पाड्यावरची, नाव सुंदरबाई. काळी, ताठ, हातात काठी. ती टेकायला नव्हे, बैलाला बाजूला सारायला. सरळ पालखीपाशी आली आणि मुखवट्याच्या उजव्या कानावर बोट ठेवलं.

“हाऊ कान फाटेल व्हता. कोनी जोडा?”

फाटका कान आबांच्या घरातल्यांनी आणि सोनारानेच पाहिला होता.

“अस्वलनी फाडेल व्हता. हाऊ आमना नाईक शे. मना आजाना आजा.” नाईक म्हणजे त्यांचा म्होरक्या. मग नथीकडे पाहून म्हणाली, “बाप्याले नथ घाली तुमी?”

पोरं फिदीफिदी हसली. लीलाधरने तिला बाजूला व्हायला सांगितलं. माझंही डोकं फिरलं — पाच महिने पत्रं मी लिहिली, भांडले मी, आणि ही आयत्या वेळी कुठून उगवली? मी विचारलं, “पुरावा काय?”

ती म्हणाली, “वर ये. दावस.”

५ ऑगस्ट

गेले. जीप अर्ध्यावर थांबली, पुढे चालले. गुडघे आज जाहीर निषेध करताहेत.

सागाखाली शेंदूर फासलेला पाषाण. समोरचा भाग सपाट, कडेला खिळ्यांची भोकं. मी फोटो जुळवून माप बघत बसले नाही. तिथे तोंड होतं आणि आता नाही, हे आंधळ्यालाही दिसेल.

तिथून खाली पाहिलं की आमच्या भाऊबंदकीची केळी दिसते. माळभर, हिरवीगार. सुंदरबाई काठीने तो सगळा माळ दाखवत म्हणाली, “बठ्ठं आमनं चरान व्हतं. तुमना आजा साहेबले वाट दावाले वना. तवयना नाईकले धरी लई गया. हाई चांदीबी गई, चरानबी गया.”

मी पाणी मागितलं. तिने तांब्याभर दिलं. 

६ ऑगस्ट

आबांना सरळ विचारलं. अपेक्षा होती, चिडतील.

“ठाऊक शे माले,” म्हणाले. सुपारी कातरत. “आपला आजानी साहेबले वाट दावी. चांदी घर वनी. बायासनी कानबाईले लाई, एकच वरीस. मंग साहेबनी माळ आपला नाववर करी दिना. आजानी खुशीखुशी चांदी त्याले दिधी.”

“खुशीने?”

“मंग? इतला मोठा माळ भेटना.”

कृतज्ञ गावकरी! शब्दन् शब्द खरा होता. हॅलोवेलच्या पोरीने खोटं सांगितलं नव्हतं. आणि मी तिच्या बापाला सभ्य इंग्रजीत चोर म्हणत होते.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू इचारं नही. तू सांगं, जबरदस्ती करी ना. माले वाटनं, आक्का शिकेल शे, तिले जास्त ठाऊक.”

असा संताप कधी आला नव्हता. सुपारी मात्र घेतली. नको म्हणायचंही सुचलं नाही.

७ ऑगस्ट

ओट्यावर भाऊबंदांची बैठक. मी उभं राहून सांगितलं — मुखवटा वर जाईल. जिथून उचलला तिथे.

लीलाधर म्हणाला, “आत्या, एवढी खटपट करून आणला तो डोंगरात ठेवायला? फलक लावलाय मी.”

“फलक काढ. त्याला भोक नाही पाडायचं, नुसता काढ.”

मग आबा बोलले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या: काल कुणाचं होतं ते होतं. रविवारी ती कानबाई म्हणून बसली. तिच्या नावाचा रोट भाऊबंदांनी खाल्ला. आता ती भाऊबंदकीची.

सुंदरबाई ओट्याखाली उभी होती. तिला वर बोलावण्याचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “बरं. ठेवा. मना नाईक तुमना देव, मंग आमीबी तुमना भाऊबंद. आमनाबी रोट काढा.”

हसले सगळे. मग हळूहळू हसू थांबलं. ज्याचा रोटाचा वाटा निघतो, त्याचा जमिनीतही वाटा निघतो. आमच्याकडे दोन्ही वाटे एकाच तोंडाने सांगतात. माझ्या वाट्याचं दीड बिघा वावर त्याच हिशोबाने अजून माझ्या नावावर आहे.

लीलाधरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “कोर्टात टिकणार नाही हे.”

“कोर्टात नाही. पंगतीत?”

तो उठला. म्हणाला, “देऊन टाकू मुखवटा. उद्याच. समारंभाने देऊ.”

पाच महिन्यांत पहिल्यांदा शांत झोप लागेल असं वाटतं. जे विलायतेला जमलं ते सातपिंपरीलाही जमलं. उशिरा का होईना.

८ ऑगस्ट, शनिवार

उद्या पौर्णिमा. रोट आज संपवायचे, म्हणून सगळे भाऊबंद आबांकडे जेवायला.

लीलाधर रेशमी फडक्यात मुखवटा घेऊन दारात उभा होता, चोपड्याचा फोटोग्राफर बाजूला. नथ काढली होती. सुंदरबाई आली. एकटी नव्हती, सगळा पाडा उतरला होता.

तिने मुखवट्याला हात जोडले. फडकं पुन्हा नीट झाकलं.

“ऱ्हाऊ द्या तुमनाच घर,” म्हणाली आणि आमच्या पंगतीच्या शेवटी मांडी घालून बसली. मागोमाग बाकीचे बसले. पळसाची पानं वरूनच आणली होती त्यांनी.

आबा खाली पाहत राहिले. वाढायला कुणी उठेना. मी माझ्या वाट्याचा रोट उचलला, मोडला आणि तिच्या पानात वाढला.

तिने सावकाश खाल्ला. पान दुमडलं, लीलाधरकडे पाहिलं.

“भाऊ, मंग आमनं वावर कोनतं?”