शाईनं गिरवलेलं

सोमवार, २
नव्या खोलीत टेबल खिडकीशी लावलं आणि शाळा आठवली. एका बाकावर मी आणि धाकटी बहीण. दऊत तिनं सांडली होती. मांजरानं सांडली, असं दोघींनी एका सुरात सांगितलं. दोघी म्हणताहेत म्हणजे खरंच असणार, असं म्हणून वर्गावरच्या मदर हसल्या. चाळीस वर्षं लिहिताना मी मदरचाच नियम पाळतेय: एकानं सांगितलेलं पेन्सिलनं, दुसऱ्यानं दुजोरा दिला की शाईनं. संपादकांना बंद पडलेल्या काचकारखान्यावर लेख हवाय, टेपरेकॉर्डरही त्यांनीच दिलाय. घरमालकीणबाई गोड आहेत. मजा येणार!

बुधवार, ४
जुने मुकादम भेटले. भट्टीत कधीच कुणी मेलं नाही, म्हणाले. चहा संपेपर्यंत दोघं मेले होते. वाचून दाखवलं, तर मी असं बोललोच नाही, बाई, कान तपासून घ्या म्हणाले. कारखान्याच्या नर्सबाईंनी दारातूनच विचारलं, मढी उकरायला मीच सापडले का.

शनिवार, ७
मुकादमांची तिसरी गोष्ट. भट्टीत एक बाई गेली म्हणे. कामगार नव्हे, अशीच प्रश्न विचारत आलेली. पिकलेले केस, चष्म्याची डावी काच तडकलेली. गुरुवार होता. माझी टिंगल, दुसरं काय! पेन्सिलनं लिहिलं. नर्सबाईंनी साफ नाकारलं.

मंगळवार, १०
सकाळी चष्मा पुसताना डावी काच तडकली. फोनवर सांगितलं, तर धाकटी म्हणाली, ताई, आता मुकादमांकडून भरपाई घे. खूप हसलो.
दुपारी नर्सबाई आपणहून आल्या. बसल्या नाहीत. ती बाई आठवली म्हणाल्या. गुरुवारीच गेली, चष्मा तेवढा उरला. सवयीनं, चाळीस वर्षांच्या सवयीनं, मी ते शाईनं गिरवलं. शाई वाळेपर्यंत त्या वहीकडे बघत उभ्या होत्या.

बुधवार, ११
घरमालकीणबाईंनी माझी गादी उन्हात टाकली. मी दारात उभी, आणि शेजारणीला सांगताहेत, लेखिकाबाई गेल्या, खोली रिकामी आहे. हाक मारली. वळल्या नाहीत. फोनवर धाकटीही नुसतं हॅलो, हॅलो—
त्या ओळीचं पान फाडलं. खालच्या पानावर तीच ओळ. शाईनं.

गुरुवार, १२
मुकादम आणि नर्सबाई, दोघं जिन्यात उभी आहेत. भिंती तापल्यात—
टेपरेकॉर्डर संपादकांना. चष्मा नर्सबाईंना, उरेल म्हणाल्याच होत्या. शाईचं पेन धाकटीला. ही वहीही तिलाच. खाली एक ओळ पेन्सिलनं लिहितेय. तू दुसरी हो, बाळा. लगेच शाईनं गिरव—
ताई जिवं