बदाम अजून वाडीतच आहे

नंदाखाल,
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. सलोनी हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. दिवाळी होऊन गेली तरी घरून चार ओळी नाहीत, म्हणून तू तिकडे ओडिशात नौदलाच्या ट्रेनिंगला वाट पाहत असशील. रोज लिहायला बसत होतो आणि उठत होतो. तुझा पप्पा, आपला प्रणव, म्हणाला, तिला काही कळवायचं नाही, ट्रेनिंग टाकून निघून येईल. परीक्षा होईपर्यंत तुमचे फोन जमा करून घेतले ते एका परीने बरंच झालं, असंही प्रणव म्हणाला. मला तर फोनवर तसंही काही ऐकू येत नाही. पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही, म्हणून त्याला न विचारता लिहितो आहे.

बदाम पळाला आहे. जिवंत आहे, आधी एवढं वाच आणि श्वास घे. शेजारच्या वाड्यांतून फिरतो. कधी केळीच्या बुंध्याआड दिसतो, कधी पाटाच्या कडेला. पण कोणाच्या हाती लागत नाही.

कसं झालं ते सांगतो. पहिल्या आंघोळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल-उटणं झालं. तुझ्या आजीने माझ्याही पाठीला लावलं आणि म्हणाली, या वर्षी सलोनी नाही, एक पाट रिकामाच राहिला. तेव्हा माझ्या मनात आलं की तिचा बदाम तर आहे. बैल होते तेव्हा आपण बैलांनाही तेल लावत होतो, मग ह्या मुक्या कुत्र्याला सणाच्या दिवशी कोरडं कसं ठेवायचं? तू बजावलं होतंस की त्याला आंघोळ नको, तो मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो, नुसता ब्रश फिरवा. तेही मी रोज करत होतो. त्याचा आतला मऊ केस एवढा निघायचा की आजी म्हणायची, ह्याची एक उशी भरून सलोनीला पाठवू. पण सणाला ब्रश चालत नाही असं मला वाटलं. घरच्या खोबरेल तेलाची वाटी कोमट केली. छातीचा पट्टा तेलकट होईल म्हणून तो मीच सोडला. बाहेर असताना तो कधी सोडायचा नाही हे तू तीन तीनदा सांगून गेली होतीस, तरी सोडला.

मानेला आणि पाठीला तेल लावेपर्यंत तो नुसता तोंड फिरवून उभा राहिला, जसा काही मी कोण हे त्याला ठाऊकच नाही. मग मी पुढचा पाय हातात घेतला. बाई गं! लहान मूल पोळल्यावर ओरडतं तसा ओरडला. मला कमी ऐकू येतं, मलाही ते ऐकू आलं. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं म्हाताऱ्याने काठीने मारलं. तेवढ्यात कोणीतरी लवंगी माळ लावली. मी त्याला धरायला गेलो तर अंग तेलाने निसरडं. हातातून मासोळीसारखा सटकला तो गेलाच.

प्रणवने त्याच्या अर्नाळ्याच्या दोस्ताकडून मासे धरायचं जाळं आणून टाकून पाहिलं. चार जण धावले. जितके धावले तितका तो लांब गेला. आता माणूस पाहिला की तिथूनच वळतो.

खरी काळजी पुढेच आहे. वाडीपलीकडच्या आलोशियसच्या कोंबड्या नाहीशा होतात. तांबडा रंग, टोकदार कान, त्यामुळे तो म्हणतो हा कोल्हाच आहे. मी जाऊन सांगितलं की हा जपानी जातीचा कुत्रा आहे, शिबा म्हणतात, आमच्या नातीचा आहे. तर मला म्हणाला, दिवाकरदादा, कुत्रा आहे तर कुत्र्यासारखा भुंकत का नाही? आणि जपानचा आहे तर माझ्या कोंबड्यांपर्यंत कशाला आला? त्याने तारेचा फास आणून ठेवला आहे. लावला अजून नाही. त्याच्या बायकोने, सुझानने, माझ्याकडे बघून थांबवला आहे, पण किती दिवस थांबवणार?

गोखिवऱ्याच्या ज्या लोकांनी त्याला ऐकत नाही म्हणून तू कामाला होतीस त्या प्राण्यांच्या दवाखान्यात सोडून दिलं, त्यांना मी शिव्या दिल्या होत्या. आता स्वतःला काय देऊ? त्याला कसं बोलवायचं ते तुलाच ठाऊक. रागव, पण लिही. ट्रेनिंग मात्र सोडू नकोस. माझ्यावरची माया तेवढी शाबूत ठेव.

तुझा आजोबा,
दिवाकर

•

दि. १ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की पत्र उशीखाली कोंबून परेडला गेले. परत येऊन वाचलं तेव्हा तेलाची वाटी कोमट केल्याचं वाचून रडू आलं. शेजारच्या खाटेवरची मुलगी विचारत होती की घरी कोण गेलं. मी म्हटलं, अजून कोणी नाही.

आता मी सांगते ते अगदी तसंच करा. पप्पांना आणि त्यांच्या जाळ्याला वाडीपासून लांब ठेवा. त्याला हाका मारू नका. त्याच्याकडे बघू नका. बदामला पकडलेलं सहन होत नाही, स्वतःच्या मर्जीने आलो असं त्याला वाटलं पाहिजे. माझ्याकडे आणला तेव्हा कितीतरी दिवस तो माझ्याकडे पाठ करून बसायचा. मग मीही त्याच्याकडे पाठ करून बसले, तेव्हा कुठे जवळ आला.

तो जिथे जास्त दिसतो तिथे रोज एकाच वेळी जाऊन बसा. जमिनीवर बसा, खुर्ची नको. त्याच्याकडे पाठ करा. भाजलेला बोंबील न्या, थोडा तुम्ही खा, थोडा मागे टाका. मागे वळायचं नाही. तो येऊन तुम्हाला हुंगेल, तरी हात लावायचा नाही. पट्टा न्यायचाच नाही, त्याची कडी वाजली तरी जाईल. हुंगून झालं की सावकाश उठा आणि घराकडे चालू लागा. अंगणाचं फाटक उघडं ठेवा. तो आत आला की मागून आजी फाटक लावेल. तुम्ही नाही, आजी. आणि आता तेल, उटणं, दृष्ट काढणं काहीही नको, आजोबा, प्लीज.

आलोशियसकाकांना सांगा की मी पाया पडते, फास लावू नका. तारेत अडकला तर तो जीव जाईपर्यंत ओढत राहील, थांबणाऱ्यातला नाही.

आणि माझंही स्पष्ट सांगते. पंधरा तारखेला पोहण्याची परीक्षा आहे. आज दुपारी तलावात उतरले तर पाण्याखाली त्याचं ओरडणं कानात येत होतं, अर्ध्यातून काठ धरला. सर म्हणाले, मन ठिकाणावर नसेल तर मुलगी बुडते. पंधरापर्यंत त्याची बातमी आली नाही तर मी घरी जाण्याचा अर्ज देणार. मध्येच गेलेल्यांना परत घेत नाहीत, हे मला माहीत आहे. मला समजावू नका. त्याला एकदा लोकांनी सोडलं आहे, दुसऱ्यांदा मी सोडणार नाही.

आजीच्या गुडघ्यांना जपा. तुम्ही रात्रीचे वाडीत फिरू नका, पाटात पडाल. रागावले तरी तुमचीच आहे.

तुमची,
सलोनी

•

नंदाखाल,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

चि. सलोनी हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. अर्जाचं वाचलं. प्रणवलाही दाखवलं, तो जाळं त्याच दुपारी परत देऊन आला.

आलोशियसकडे गेलो तर त्याची आणखी एक कोंबडी गेली होती. तुझा निरोप सांगितला. म्हणाला, रविवारच्या चर्चमधल्या मिसापर्यंत थांबतो, मिसाहून आलो की फास लावणार. मग माझ्याकडे बघून म्हणाला की दादा, तुम्हाला वाडीत बसायचं तर बसा, पण केळफुलाचा चीक पडला तर शर्टाचे डाग मला दाखवू नका.

गुरुवारी बसलो, शुक्रवारी बसलो, आजही बसलो. त्याच्याच केळीत, मातीवर, पाठ करून. तू लिहिलंस तसाच बोंबील खाल्ला, मागे टाकला. पण पोरी, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही आणि माझ्याही नाही. मला ऐकू येत नाही. पाठ करून बसलो की तो आला की नाही हे मला कळणार कसं? पाला वाजत असेल, तो हुंगत असेल, मला सगळं सारखंच. मागे बघायची तर बंदी. दोन दिवस उठल्यावर पाहिलं तर बोंबील नव्हता. त्याने खाल्ला की कावळ्याने, देव जाणे. उद्या रविवार. पत्र पुरं न करता ठेवतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी लवकर जाऊन बसलो. आलोशियस आज आधीच्या मिसाला जाऊन आला होता. चांगला शर्ट घातलेला, एका हातात काठी, दुसऱ्यात तारेचं वेटोळं. पाटाच्या पलीकडे माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला. मला बोलायचं होतं की अजून थोडा वेळ दे. आवाज केला आणि बदाम मागे असला तर पळेल, म्हणून नुसते हात जोडले.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. तेव्हा मला कळलं की मागे काहीतरी आहे. सलोनी, मी जन्मभर ह्या आलोशियसशी पाण्याच्या पाळीवरून भांडलो, त्याचं तोंड इतक्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. आधी भुवया वर गेल्या. मग काठीचा हात उचलला. मग तो हात तसाच राहिला आणि हळूहळू खाली आला. त्याने वेटोळं खाली ठेवलं आणि तळहात माझ्याकडे करून हलू नका अशी खूण केली. मग दोन बोटं चालवून दाखवली. मग थांबवली. मग पुन्हा चालवली. मी त्याच्या बोटांकडे बघत बसलो, दुसरं काही मला दिसत नव्हतं. शेवटी बोटं थांबली आणि तो हसला. त्याच वेळी माझ्या मानेला ओलं, गार नाक लागलं.

मी हात मांडीखाली दाबून ठेवले. नाहीतर धरलंच असतं.

सावकाश उठलो आणि चालू लागलो. वळायचं नव्हतं, म्हणून समोरून येणाऱ्यांची तोंडं बघत गेलो. सुझान भाजी घेऊन येत होती, तिने तोंडावर हात ठेवला आणि बाजूला झाली. म्हणजे येतो आहे. मग रस्त्यावर कोणीच भेटेना, एवढीशी वाट पण संपता संपेना. फाटकातून आत शिरलो तर तुझी आजी ओट्यावर उभी, आणि तिच्या डोळ्यांना धार लागलेली. आता ही मेली रडते ती आला म्हणून की नाही आला म्हणून? मी तसाच खांबाला धरून उभा. ती गुडघे धरत पायऱ्या उतरली, माझ्याजवळून मागे गेली, फाटक लावलं आणि परत येऊन माझ्या खांद्याला हात लावला. तेव्हा वळलो.

बदाम तुळशीजवळ उभा होता. हाडं निघाली आहेत, शेपटीत गवताची कुसळं, एका कानाला ओरखडा आहे. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. जेवला आहे. आत्ता माजघरात तुझ्या पलंगाखाली झोपला आहे. मी हात लावलेला नाही. कान तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना उद्या प्रणव दाखवील. आलोशियसच्या कोंबड्या कोण नेतं ते अजून कळलेलं नाही, पण दुपारी तो येऊन म्हणाला, फास आता उंबराकडे लावतो, तुमचा कोल्हा घरात ठेवा.

प्रणवने तुमच्या ऑफिसात फोन केला. कोणीतरी निरोप लिहून घेतो म्हणालं. कुत्रा सापडला हा निरोप कोण तुझ्यापर्यंत धावत आणणार? म्हणून उद्या पोस्ट उघडायच्या आधी मी स्वतः दारात जाऊन उभा राहणार आहे, स्पीड पोस्ट करणार आहे. मागचं पत्र पाच दिवसांत पोहोचलं. हे पंधराच्या आधी पोहोचावं एवढंच मागणं आहे. तू आधीच घाई करून अर्ज दिला असशील, ही भीती आता बदामच्या जागी येऊन बसली आहे. त्याच्यासाठी मला आलोशियसचं तोंड होतं. तुझ्यासाठी इथे कोणाच्या तोंडाकडे बघू?

तो घरी आहे. तू पाण्यात उतर. मागे बघू नकोस, मागे आम्ही आहोत. आणि अर्ज दिलास की नाही, पोहलीस की नाही, एवढं एका ओळीत लगेच कळव. लवकर कळव.

तुझा आजोबा,
दिवाकर